जाळीवरची तीन बोटं

सासूनं धुतलेली जाळी कशी असायची म्हणाल, तर ती डोळ्यांसमोर धरली की पलीकडे उभ्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता यायची. वाढवून सांगितलंय असं वाटत असेल तर वाटू दे. चौतीस वर्षं बाई एकाच हौदापाशी उभी होती. नवरा गेला, मुलं मोठी झाली, एक सून आली, हौदाची फरशी दोनदा बदलली, पण हौदापुढची जागा काही तिनं सोडली नाही. आणि तोंड? तेही हौदावरच्या प्रेशरच्या पाइपासारखंच. एकदा सुरू झालं की समोरच्याचा रंग उतरेपर्यंत थांबायचं नाव नाही.

वर घर आणि खाली छपाईचा कारखाना. कारखाना म्हणजे नुसत्या तीन खोल्या, पण सगळे म्हणायचे कारखाना, मग आपणही तसंच म्हणू. पहिल्या खोलीत सासू आणि तिचा हौद. दुसरीत पिवळा दिवा आणि सून. तिसरीत छपाईची टेबलं आणि सासूचे दोन मुलगे. त्यातला थोरला सुनेचा नवरा. तो छापायचा आणि गप्प बसायचा. धाकटा गिऱ्हाइकं आणायचा आणि थोरल्याच्या वाटणीचंही बोलायचा.

काम तसं सरळ. लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणून बसवलेली असते, तिला म्हणायचं स्क्रीन. एक छपाई संपली की जाळीवरची शाई काढायची, खालचा इमल्शनचा, म्हणजे जाळी बुजवणाऱ्या लेपाचा, थर औषध लावून उतरवायचा, मग तेलकटपणा घालवणाऱ्या साबणानं ती घासून धुवायची आणि पंख्याखाली वाळवायची. इथवर सासू. पुढं सून. पिवळ्या दिव्याखाली पत्र्याच्या पन्हळीतून नव्या इमल्शनचा पातळ थर चढवायचा, वाळवायचा, त्यावर नवं चित्र उतरवायचं. चित्राच्या जागी जाळी उघडी, बाकी सगळी बंद. उघड्या जागेतून शाई खाली जाते. न उघडायच्या जागी टाचणीच्या टोकाएवढं भोक जरी राहिलं, तरी तिथूनही ती जाते आणि प्रत्येक छापावर ठिपका पडतो. हजार छाप, हजार ठिपके.

म्हणून त्या घरात एक नियम होता. धुतलेल्या कोऱ्या जाळीला कुणी बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की त्या जागी इमल्शन धरत नाही. सून नवी होती तेव्हा हाताला क्रीम लावून खाली आली आणि कौतुकानं जाळीवरून हात फिरवून बसली. सासूनं स्क्रीन उचलली, पुन्हा साबण लावला, पुन्हा घासली, पुन्हा धुतली आणि पंख्याखाली टेकवल्यावर विचारलं, "कळलं? की अजून एकदा धुऊन दाखवू?" चौदा वर्षं झाली या गोष्टीला. सुनेला तो साबणाचा वास आला की अजून कान गरम झाल्यासारखे वाटायचे.

हा नियम सगळ्यांना लागू, फक्त सासूला नाही. ती वाळलेली स्क्रीन उभी धरायची आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी पाच ठिकाणी वाजवायची. चार कोपऱ्यांत एकेकदा, मग मध्यभागी. टक, टक, टक, टक, आणि मग मधला जाड आवाज. जाळी ढिली पडली असेल तर तिला आवाजावरून कळायचं. ढिली स्क्रीन ती बाजूला काढायची आणि थोरल्याला हाक मारायची, "ताण रे बाबा हिला, निजलीय ही." तिनं बोटं लावली तरी काही बिघडायचं नाही. कसं बिघडेल? त्या औषधांनी आणि साबणांनी तिच्या बोटांवर तेल राहायला कातडी कुठं शिल्लक ठेवली होती! हातमोजे तिला चालत नसत. हातमोजे घालून जाळी धुणं म्हणजे कानात बोळे घालून गाणं ऐकणं, असं तिचं मत.

गेल्या थंडीत त्या बोटांना भेगा पडल्या. दरवर्षीच पडायच्या, पण या वेळी एका धुतलेल्या जाळीवर रक्ताचा थेंब दिसला. सासूनं जाळी पुन्हा धुतली. बोटाकडे बघितलंही नाही.

सुनेला त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे. ती संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेली आणि मलमाची एक नळी घेऊन आली. दुकानदारीण म्हणाली, हात ओले झाले की दर वेळी पुसून लावायला सांगा, चिकट नाही, लगेच मुरतं.

"कशाला हे थेर?" सासू म्हणाली. पण नळी एप्रनच्या खिशात टाकली. आठ दिवसांनी सून जिन्यात असताना तिला खालून आवाज ऐकू आला. सासू शेजारणीला हात दाखवत होती. "बघ की, भेगा भरल्या. सुनेनं आणलं. मागितलं नव्हतं मी, तिनंच आणलं." चौदा वर्षांत सासूच्या तोंडून 'सून' हा शब्द तक्रारीशिवाय पहिल्यांदाच निघाला होता. सून तिथंच दोन पायऱ्या थांबली. तिला आनंद झाला. लहान मुलीला होतो तसा, अगदी वेड्यासारखा आनंद झाला.

त्यानंतर भोकं पडायला लागली.

सुरुवातीला एखाददुसरं. सून बारीक ब्रश घेऊन ती बुजवायची, ते तिच्या कामातच होतं. मग भोकं वाढली. एका स्क्रीनवर सहा, दुसरीवर नऊ. सून ब्रश घेऊन तासन्‌तास मान मोडत बसायची. नवरा म्हणाला, "इमल्शन जुनं असेल." नवा डबा आणला. भोकं तशीच. धाकटा म्हणाला, "धूळ असेल." खोली धुऊन काढली. भोकं तशीच. मग कुणी काही म्हणेना. सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली होती आणि ती सगळे मूग गिळून बसले होते. सासू अडुसष्टची. जाळी स्वच्छ झाली की नाही हे उजेडाकडे धरून तीच बघायची.

अशातच औषध मोजायच्या प्लास्टिकच्या पेल्यांचं काम आलं. पेल्यावर आकडे छापायचे. एक भोक सुनेच्या नजरेतून सुटलं आणि नेमका पंचवीसच्या दोन आणि पाचच्या मध्ये ठिपका पडला. पंचवीसचे झाले अडीच. गिऱ्हाइकानं चार खोकी परत पाठवली आणि धाकट्याला फोनवर जे काही ऐकवलं, ते धाकट्यानंही घरात जसंच्या तसं सांगितलं नाही. यावरूनच काय ते समजा.

तो मंगळवार. जेवायला वर जायच्या आधी सून पिवळ्या दिव्याखाली उभी होती. पेल्यांचं काम पुन्हा करायचं म्हणून एकाच मापाच्या आठ स्क्रीन थर चढवून वाळत ठेवल्या होत्या. तिनं एक उचलून दिव्यासमोर धरली, भोकं दिसली. आता ब्रश घ्यायचा. पण हात भरून आले होते, म्हणून ती तशीच टेकवायला गेली आणि ती दिव्यापुढं उभ्या दुसऱ्या स्क्रीनवर बरोबर बसली. दिवा दोन्हीतून एकदम आला. भोकावर भोक.

तिनं तिसरी त्यावर धरली. वजन पेलेना, तरी धरली. चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी. प्रत्येक ठिकाणी तीन भोकं, जवळजवळ. बुजवणाऱ्याला भोक दिसतं, भोकांची जागा दिसत नाही. त्यात रोजच्या स्क्रीन लहानमोठ्या, जागा थोड्याच जुळणार? म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. आता कळलं. तीन बोटं. पाच ठिकाणी. सासू जाळ्या पंख्याखाली ठेवते, हात पुसते, मलम लावते, जाळ्या वाळल्या की वाजवते.

डोळ्यांचा काही संबंधच नव्हता. संबंध होता त्या नळीचा. आणि नळी हिनं आणलेली.

आता तुम्ही म्हणाल, मग वर जाऊन सांगायचं की! तीही तेच ठरवून जिना चढली.

वर धाकट्यानं आधीच विषय काढला होता. "आई, रागावू नकोस. आता वय झालं. डोळे दाखवून घेऊ, आणि तू जरा आराम कर. हौद काय, वहिनी बघेल."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मग ही भोकं कुठून येतात?"

नवरा ताटाकडे बघत होता. सासूनं दोघांकडे पाहिलं, मग सुनेकडे वळली. "तू बोल," ती म्हणाली. "त्यांना काय कळतंय? रोज माझ्या जाळ्या तू बघतेस. खरं सांग. डोळे गेलेत माझे?"

सुनेच्या जिभेवर आलं होतं. पण त्याच क्षणी तिला दोन गोष्टी दिसल्या. एक, नवऱ्याचा चेहरा, 'म्हणजे हा तुझाच उद्योग' म्हणणारा. आणि दुसरी, खालची खोली, सासू नसलेली. पाण्याचा आवाज आणि वर टोमणा नाही. "पन्हळ तिरकी धरतेस" नाही, "तुझ्या आईनं हेच शिकवलं का" नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदा ती खोली तिला शांत दिसली, आणि तिला ती हवीशी वाटली. उगाच सुनेची बाजू का घ्यायची? तिला हवीशी वाटली, हे खरं आहे.

"थोडी विश्रांती घ्या, आई," ती म्हणाली.

सासूनं ताटातलं संपवलं, हात धुतले, खाली जाऊन एप्रन आणला आणि सुनेच्या खुर्चीवर ठेवला. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे," धाकटा वातावरण हलकं करायला म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सून धुवायलाही लागली. भोकं बंद! एकही नाही. "पाहिलंत?" धाकटा म्हणाला. "उगाच इतके दिवस इमल्शनला शिव्या दिल्या." थोरल्यानंही मान डोलावली. आपली चूक दुसऱ्याच्या नावावर इतकी बेमालूम चढलेली सुनेनं कधी पाहिली नव्हती. आता तर तिनं खरं सांगितलं असतं तरी सासूचं मन राखायला बोलतेय असंच घरच्यांना वाटलं असतं. निदान ती स्वतःला तसं सांगायची.

आणि वर सासू आंधळी होऊ लागली.

खरंच सांगते आहे. आधी तिनं पेपर वाचणं सोडलं. पेपर उघडायची, जरा वेळ समोर धरायची आणि घडी घालून ठेवायची. मग जिना उतरताना कठडा धरायला लागली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर "कशाला? घरातल्यांना दिसलंच आहे की," म्हणून तोंड फिरवायची. एका सकाळी सून स्वयंपाकघरात गेली तर सासू दोन डबे उघडून उभी होती. "हे मीठ की साखर गं?" तिनं विचारलं. त्या आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता, काहीच नव्हतं. जी बाई पलीकडच्या माणसाची बटणं मोजायची, तिला तिच्याच माणसांनी सांगितलं की तुला दिसत नाही, आणि तिनं ते मानलं. सुनेनं डब्याकडे बोट दाखवलं आणि खाली निघून गेली. हौदावरचा पाइप सुरू करून कितीतरी वेळ ती नुसती उभी होती.

खालची खोली शांत होती. हवी तशी. पण ती शांतता तिला खायला उठायची.

त्यातच एक स्क्रीन फसली. छाप पुसट येऊ लागला, कडा फाकल्या. नवऱ्यानं स्क्रीन काढून बघितली तर जाळी पार ढिली. "वाजवली नव्हतीस का?" त्यानं विचारलं. सून काय सांगणार? वाजवायचं तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. कुठला आवाज चांगला आणि कुठला वाईट, हे फक्त वरच्या खोलीतल्या बाईला ठाऊक होतं, आणि ती तर मीठ-साखर विचारत होती.

पंधराव्या दिवशी दुपारी सून वर पाणी प्यायला गेली. सासू खिडकीजवळ बसली होती. ग्लास उजव्या हातात घेऊन सून तिच्याजवळ टेकली आणि सासू म्हणाली, "हात बघू."

"काही नाही, आई."

"बघू म्हटलं ना!" पंधरा दिवसांत पहिल्यांदा जुना आवाज. सासूनं तिचा डावा हात धरून उलटा केला. पंधरा दिवसांच्या साबणानं आणि औषधानं बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या होत्या. अगदी बारीक. सुनेलाही नीट दिसल्या नव्हत्या अशा. "अगं, हे काय करून घेतलंस? थांब." सासू उठली, कपाटातून मलमाची नळी काढली, टोपण उघडलं. "तूच आणलंस ना माझ्यासाठी? मग स्वतःला का लावत नाहीस? वेडी कुठली. आण इकडे."

आणि ती सुनेच्या बोटाला मलम लावायला लागली. सासू. सुनेच्या बोटाला.

सुनेनं हात मागं ओढला. "नको, आई. खाली जाळ्या वाळल्यात, मला हात—"

"हात काय?"

"हात लागेल जाळीला."

"मग लागू दे की. दुकानदारीण म्हणाली ना, चिकट नाही, मुर—" सासू थांबली.

तिला समजावून सांगायची गरज पडली नाही. कोऱ्या जाळीला तेलकट बोट लावू नये हा नियम त्या घरात कुणी आणला होता? तिनं आपल्या उजव्या हाताची तीन बोटं वर केली आणि अंगठ्यानं चोळून पाहिली. खूप वेळ चोळून पाहिली.

"पाच ठिकाणी होती का भोकं?" तिनं विचारलं.

"हो."

"तीन-तीन?"

"हो, आई."

"तुला कधी कळलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. अगदी सोपं होतं. सासूला कधी कळलंही नसतं. सुनेनं ग्लास खाली ठेवला. "त्या मंगळवारी," ती म्हणाली. "जेवायच्या आधी."

"आधी." सासू म्हणाली. "मी तुला विचारलं, त्याच्या आधी."

"हो."

सासू खिडकीकडे वळली आणि नळी उजेडात धरली. त्यावरची अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. तिनं ती एका दमात वाचली, बिनचष्म्यानं, एकही शब्द न चुकता. "'त्वचेत त्वरित शोषले जाते. तेलकटपणा अजिबात नाही.' खोटारडे मेले!" मग ती थबकली. आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पुन्हा नळीकडे पाहिलं, मग कोपऱ्यात घडी घालून ठेवलेल्या पेपरांच्या ढिगाकडे. तेवढ्यापुरते तिचे डोळे भरून आले.

"साखर कुठली तेसुद्धा मी तुला विचारलं," ती म्हणाली.

सून रडायला लागली. सासूनं तिला रडू दिलं. समजूत घातली नाही आणि ओरडलीही नाही. रडून झाल्यावर म्हणाली, "एप्रन कुठाय माझा?"

जिना उतरताना तिनं कठड्याला हात लावला नाही. खाली हौदापाशी जाऊन तोच तेलकटपणा घालवणारा साबण हातांवर घेतला आणि कोपरापर्यंत घासला. भरलेल्या भेगा पुन्हा चुरचुरल्या असणार, तोंड वेडंवाकडं झालं तिचं. पलीकडून थोरल्यानं डोकावलं. "आई? तू कशी खाली?"

"पायांनी," सासू म्हणाली. "तू तुझं छाप. जेवताना तुझी बायको सांगेल सगळं. मी सांगणार नाही. तीच सांगेल." शेवटचं वाक्य तिनं सुनेकडे बघून म्हटलं. सुनेनं मान डोलावली.

भिंतीला चार स्क्रीन वाळत टेकल्या होत्या. सासूनं पहिली उचलून उजेडाकडे धरली, डोळे बारीक करून बघितली. "खालच्या कडेला शाई राहिलीय तुझ्या," ती म्हणाली. खरंच राहिली होती, केसाएवढी. ती तिनं बाजूला ठेवली. दुसरी घेतली, ती पास झाली. वाजवायला हात उचलला आणि बोटं जाळीपासून वीतभर लांब असताना तो तसाच राहिला. साबणानं कितीही घासलं तरी पुन्हा त्या बोटांची खात्री तिला वाटेना.

मग तिनं स्क्रीन सुनेसमोर उभी केली.

"तू वाजव."

"मी?"

"मला मलम सोडायचं नाही. फार बरं वाटतं त्यानं, चौतीस वर्षांनी बरं वाटलं. तूही लावलंस तर रविवारी लाव, सोमवारी सकाळी हात साबणानं घासून मग खाली ये. तीन बोटांनी. जोरात नको, दारावर नाही वाजवायचंय. हं."

चौदा वर्षांपूर्वी अशाच जाळीवरून हात फिरवल्याबद्दल ती बोलणी खाऊन बसली होती. सुनेनं मलमाचा डावा हात पाठीमागं धरला आणि उजव्या हाताची कोरडी बोटं पुढं केली.

"विसरणार नाही हं मी हे," सासू म्हणाली. "मरेपर्यंत नाही विसरणार. वाजव."

टक. टक. टक. टक. आणि मग मध्यभागी.

सासूनं डोळे मिटले होते. "मधला ऐकलास?"

"हो."

"कसा वाटला?"

सुनेनं पुन्हा एकदा वाजवून पाहिलं. तिला खरं म्हणजे काहीच कळलं नव्हतं. या वेळी तिनं तसंच सांगितलं. "नाही कळलं, आई."

"नाहीच कळणार लगेच," सासू म्हणाली आणि तिसरी स्क्रीन उचलायला वाकली. "ही वाजव. ही ढिली आहे. फरक ऐक."